मिठाला तटबंदी

दिवस पहिला

स्प्लिटहून सकाळी नऊला निघालो. गाडी भाड्याची, चालवणारी लेक, आणि शेजारी बसून उगाच पायाखालचा नसलेला ब्रेक दाबणारी मी. समोरून येणारं प्रत्येक वाहन चुकीच्या बाजूनं येतंय असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं. दुपारच्या आत पेल्येशत्सचा पूल लागला. 2,404 मीटर लांबीचा हा पूल 2022 च्या जुलैत खुला झाला. त्याआधी क्रोएशियातून क्रोएशियातल्याच दुब्रोवनिकला जमिनीवरून जायचं तर मधे बोस्नियाचा एक चिंचोळा पट्टा ओलांडावा लागे. नेउम हे त्या पट्ट्यावरचं गाव. दोनदा सीमा, दोनदा पासपोर्ट, उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा.

"हा पट्टा यांच्या मधे घुसला कसा?" लेकीनं विचारलं.

1699 च्या कार्लोविट्सच्या तहाच्या वेळची ही करामत. तेव्हा स्वतंत्र असलेल्या दुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाला व्हेनिसची इतकी धास्ती होती, की आपल्या हद्दीच्या दोन्ही टोकांचा थोडाथोडा किनारा त्यांनी तुर्की सुलतानाला देऊन टाकला. व्हेनिसच्या बांधाला आपला बांध कुठंच लागू नये, एवढ्यासाठी. भाऊबंदकीत असं होतं. वाद नको म्हणून कुणी मधली चार गुंठे तिऱ्हाइताला देऊन मोकळं होतं आणि मग पुढच्या सात पिढ्या वाटेसाठी त्या तिऱ्हाइताची परवानगी काढत बसतात. मी एकतीस वर्षं बँकेत जमिनीची कागदपत्रं तपासली आहेत, त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी बोजा कुणाच्या नावावर आहे तिकडे जाते.

आम्ही दुब्रोवनिकला नंतर जाणार होतो. आधी स्तोन. पेल्येशत्स हे लांबुळकं द्वीपकल्प जिथं मुख्य भूमीला चिकटतं, त्या जेमतेम सव्वा किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या मानेवर वसलेलं, पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. लेकीचं म्हणणं, चार रात्री तिथं काय करणार? माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. जगात कुठंही मिठागर दिसलं की माझी गाडी थांबते, हे तिला ठाऊक आहे. तिनं वाद घातला नाही.

घाट उतरताना आधी भिंत दिसली. राखाडी डोंगर, त्यावर खुरटी झुडपं, आणि त्यातून वर चढत गेलेला दगडी तट. मधेच बुरूज, पुन्हा तट, पुन्हा बुरूज, पार माथ्यावरून पलीकडे उतरलेला. द्वीपकल्पाच्या कमरेला करगोटा बांधावा तसा. त्याच्या पायथ्याशी मूठभर लाल कौलं आणि कौलांच्या पुढे चौकोन चौकोन पाणी. एवढ्या मोठ्या तटाच्या आत एवढंसं गाव. चार घरांची वाडी आणि तिला रायगडाचा तट, असा काहीतरी हिशेब चुकल्यासारखा वाटतो.

घरमालकीण साठीची, माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. जिना दाखवताना तिनं भिंतीतली एक बुजवलेली भेग दाखवली आणि म्हणाली, "शहाण्णव." 1996 च्या सप्टेंबरातल्या भूकंपानं हे गाव खिळखिळं केलं. काही घरांना अजून नुसत्या भिंती आहेत, आत अंजिराचं झाड वाढलंय. दुब्रोवनिक जमीनदोस्त करणारा 1667 चा भूकंप इथले लोक पुस्तकातला म्हणून सांगतात, शहाण्णवचा मात्र स्वतःचा.

संध्याकाळी गावात फेरी मारली. फेरी कसली, सगळं गाव अर्ध्या तासात संपतं. पण गल्ल्या बघत राहाव्यात अशा आहेत. सगळ्या सरळ. एक इकडून तिकडे, एक वरून खाली, काटकोनात कापलेल्या. मध्ययुगातलं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाकडेतिकडे बोळ येतात. हे गाव आधी कागदावर आखलं आणि मग जमिनीवर उतरवलं. चौदाव्या शतकात. आणि आखणारे इथं राहतही नव्हते, ते होते पन्नासेक किलोमीटरवरच्या दुब्रोवनिकच्या सभागृहात.

ते असं झालं. 1333 पर्यंत हा भाग दुब्रोवनिकचा नव्हताच. तो होता हुम नावाच्या प्रदेशाचा, आणि हुमवर दोघांचा दावा होता. सर्बियाचा राजा स्तेफान दुशान म्हणे माझा, बोस्नियाचा बान, म्हणजे तिथला सत्ताधीश, स्त्येपान कोत्रोमानिच म्हणे माझा, आणि प्रत्यक्ष ताबा बोस्नियाकडे सरकलेला. सातबाऱ्यावर दोन नावं. आमच्या बँकेत असं प्रकरण आलं असतं तर फाईल परत गेली असती. दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी वेगळं केलं. त्यांनी दोघांकडूनही विकत घेतलं. दुशानला 8,000 पर्पेर (तेव्हाचं हिशेबाचं चलन) एकरकमी आणि शिवाय दरसाल 500, बानालाही दरसाल 500. एकाच जमिनीचे दोनदा पैसे मोजले आणि दोघांचीही सही घेतली.

रात्री झोपताना त्या व्यवहाराचाच विचार करत होते. एवढा पैसा कुणी खडकाळ डोंगरासाठी घालत नाही.

दिवस दुसरा

घालतात ते मिठासाठी. सकाळी सातला मिठागरावर गेले, लेक झोपलेली होती. वास ओळखीचा. ओला चिखल, शेवाळ, आणि त्याच्यावर तो कोरडा खारट वास, जो नाकात कमी आणि ओठांवर जास्त लागतो.

स्तोनच्या दक्षिणेला एक लांब, उथळ खाडी आत शिरते. तिच्या आतल्या टोकाशी ही 58 कुंडं. इथं रोमन काळापासून मीठ पिकतं असं सांगतात, आणि युरोपातलं सर्वांत जुनं चालू मिठागर हेच, असा गावाचा दावा आहे. रोमनांनी या जागेला नाव दिलं स्ताग्नुम, म्हणजे साचलेलं पाणी. त्याचंच झिजून स्तोन झालं. आपल्याकडच्या 'खाजण' नावाच्या वाड्यांसारखंच हे. मागच्या सपाट शेतावरही रोमनांच्या खुणा आहेत. त्यांनी वसाहतकारांना जमीन वाटताना ती सरळ रेषांत, चौकोनांत मोजून वाटली, आणि शेताच्या बांधांमधून त्या रेषा अजून ओळखता येतात.

मीठ काढायची रीत आपल्यासारखीच. समुद्राचं पाणी पहिल्या मोठ्या कुंडात घ्यायचं, ऊन-वाऱ्यानं आटवायचं, मग पुढच्या कुंडात सोडायचं, पुन्हा आटवायचं. असं टप्प्याटप्प्यानं पाणी जड होत जातं आणि शेवटच्या कुंडात त्याचे खडे धरतात. फरक एकच मोठा. आपल्याकडे शेवटच्या कुंडाचा तळ मातीचा, पायानं तुडवून तुडवून घट्ट केलेला. इथं दगडी फरसबंदी. त्यामुळे मीठ ओढताना खालची माती येत नाही. माझ्या आजीला हे दाखवायला हवं होतं. मिठागरावर मोसमभर तुडवणी करून तिच्या टाचांना पडलेल्या भेगा मला अजून आठवतात.

शेवटच्या कुंडांना नावं आहेत. संत फ्रान्सिस, संत निकोलस, संत अँथनी, जोसेफ, जॉन, पीटर, पॉल, बाल्थाझार. नऊ कुंडं, आठांना संतांची नावं. नवव्याचं नाव मुंदो, म्हणजे जग. मुंदोतलं मीठ गावासाठी आणि गरिबांसाठी असे, असं तिथला एक कामगार म्हणाला. आठ संत सरकारजमा आणि नववं जग लोकांचं, ही वाटणी मला फार आवडली.

तो कामगार लांब दांड्याच्या लाकडी दाताळ्यानं मीठ ओढत होता. ओढायचं, थांबायचं, पाणी निथळू द्यायचं, पुन्हा ओढायचं. मी बांधावर उकिडवी बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मूठभर खडे हातावर ठेवले. जाडे, करड्या झाकेचे, चौकोनी. दाताखाली धरला तर कडकन फुटला. मी आमच्याकडच्या मिठागरांबद्दल खाणाखुणांनी सांगायचा प्रयत्न केला. त्याला 'इंडिया' एवढंच कळलं. मग त्यानं आकाशाकडे बोट दाखवून हातानं पाऊस पडल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं. ही भाषा मात्र मला पूर्ण कळली.

मिठाचं मोल आता कळणं कठीण आहे. किलोभर मीठ आपण पिशवीत टाकतो तेव्हा किंमतही बघत नाही. बोस्निया-सर्बियाच्या डोंगरात माणसं होती, मेंढ्या होत्या, चीज होतं, कातडी होती, चांदीच्या खाणी होत्या. मीठ नव्हतं. हिवाळ्यासाठी मांस टिकवायला, चीज मुरवायला, कातडी कमवायला मीठ हवंच. ते फक्त किनाऱ्यावर. आणि किनाऱ्यावरही कुठंही विकायचं नाही. चारच अधिकृत मिठाच्या पेठा होत्या: दुब्रोवनिक, नेरेत्वा नदीवरचं द्रियेवा, कोतोर आणि बोयाना नदीवरचं स्वेती सर्ज. तिथं घोड्यांचे तांडे माल घेऊन येत आणि मीठ भरून परत जात. ज्याच्या हातात मीठ, त्याच्या दारात राजे उभे. प्रजासत्ताकाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा एकट्या या मिठागरातून येई, असं इथं सांगतात. आकड्याची पैज मी लावणार नाही, पण तट बघितला की पटतं.

दुपारी लेकीला घेऊन पुन्हा गेले. तिनं फोटो काढले. "आई, तू इथं वेगळीच दिसतेस," म्हणाली. उन्हानं असेल.

दिवस तिसरा

आजचा दिवस टेकडीवरच्या देवळासाठी. मी 'देऊळ' म्हणते, लेक दर वेळी 'चर्च' अशी दुरुस्ती करते.

गावाबाहेर शेताच्या कडेला एक टेकडी आहे, तिच्यावर स्वेती मिहायलो, म्हणजे संत मायकलचं छोटंसं देवालय. चढ फार नाही, पण वाट काटेरी झुडपांतली. अर्ध्या वाटेत माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून उसवला आणि मगरीच्या जबड्यासारखा फटफट वाजायला लागला. लेकीनं केसांचा रबर काढून त्याला बांधला.

वर पोचलो तर समोर आपल्या गावाकडच्या एखाद्या ग्रामदेवतेच्या देवळाएवढी वास्तू. बाहेरून काहीच नाही, ओबडधोबड दगड. आत शिरल्यावर अंधाराला डोळे सरावले आणि मग भिंतीतून एक माणूस वर आला. डोक्यावर मुकुट, आणि दोन्ही हातांत धरलेलं एक छोटं देऊळ. हेच देऊळ. तो ते देवाला देतोय.

अकराव्या शतकातलं हे भित्तिचित्र. रंग उडालेत, चेहरा पुसट झालाय, पण हातांतली ती देवळाची प्रतिकृती अजून नीट ओळखता येते. हा राजा कोण यावर अभ्यासकांचे वाद आहेत. बहुतेकांचं मत असं की हा मिहायलो, दुक्ल्याचा राजा. दुक्ल्या म्हणजे आजच्या माँटेनेग्रोचा भाग. 1077-78 च्या सुमारास पोप सातव्या ग्रेगरीनं लिहिलेल्या पत्रात त्याला 'स्लावांचा राजा' म्हटलं आहे. पश्चिमेकडच्या पोपनं ज्याला राजा म्हटलं, त्यानं स्वतःच्या नावाच्या संताला एवढंसं देवालय बांधलं आणि स्वतःलाही भिंतीवर उभं केलं.

मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ' अशी फरशी बसवतात आणि येणारा-जाणारा तिच्यावर पाय देऊन आत जातो. हा राजा तसा चतुर निघाला. पायरीवर न बसता भिंतीत उभा राहिला. सत्ता गेली, वंश गेला, दुक्ल्या हे नावही नकाशावरून गेलं, हा मात्र अजून तो छोटा ठोकळा पुढे धरून आहे. कपाळाशी जरा खाली झुकलाय, की मला तसं वाटलं.

टेकडीवरून खाली सगळं दिसतं. डावीकडे मिठागर, समोर शेत, पलीकडे तट. दुब्रोवनिक येण्याआधीचं स्तोन इथंच, टेकडीच्या आसपास होतं. आणि त्या जुन्या स्तोनची कथा तटबंदीच्या स्तोनपेक्षा रंगतदार आहे. दहाव्या शतकात इथं झाहुम्ल्ये नावाचं राज्य होतं (पुढचं हुम ते हेच) आणि त्याचा राजा होता मिहायलो विशेविच. हा दुसरा मिहायलो, भिंतीवरचा नव्हे. नावांचा इथं मोठा घोळ आहे, मीही दोनदा वाचलं तेव्हा उमगलं. या विशेविचनं 912 साली एक धाडसी काम केलं. व्हेनिसच्या डोजचा, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचा, मुलगा कॉन्स्टँटिनोपलहून मानमरातब घेऊन परतत होता. वाटेत यानं त्याला पकडला आणि बल्गेरियाच्या सिमेऑनकडे पाठवून दिला. कारण बल्गेरियाशी यानं दोस्ती केली होती आणि व्हेनिस बायझंटाइनांच्या बाजूला. 926 मध्ये समुद्र ओलांडून त्यानं इटलीच्या किनाऱ्यावरचं सिपोंतो लुटलं. मधे, 925 साली स्प्लिटला चर्चची मोठी सभा भरली तेव्हा पोपच्या पत्रात क्रोएशियाच्या तोमिस्लावबरोबर याचंही नाव आलं. लुटारू, मुत्सद्दी आणि धर्मसभेचा मानकरी, तिन्ही एकच. शतकाच्या मध्यात बायझंटाइन सम्राट सातव्या कॉन्स्टँटाइननं आपल्या ग्रंथात झाहुम्ल्येतल्या वस्त्यांची यादी दिली, त्यात स्तोनचं नाव आहे.

पुढे धर्माचीही अदलाबदल झाली. 1219 मध्ये संत सावानं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च स्वतंत्रपणे उभं केलं, तेव्हा हुमच्या धर्मपीठाचं ठाणं स्तोनमध्ये ठेवलं, शेतातल्या मरियेच्या देवालयात. आज त्याला गोस्पा ओद लुझिना म्हणतात. आम्ही उतरताना तिकडूनही आलो. 1333 चा व्यवहार झाला तेव्हा दुशाननं अट घातली होती, की स्तोनच्या देवळांत सर्ब धर्मगुरूला राहू द्यायचं, पूजा करू द्यायची. दुब्रोवनिकनं मान डोलावली. मग फ्रान्सिस्कन साधू आणले, 1347 च्या सुमारास त्यांचा मठ उभा केला, आणि काही दशकांत सगळा परिसर कॅथलिक झाला. जमीन दुब्रोवनिकच्या सरदार-नागरिकांत वाटली गेली, कसणारे आधीचेच, पण आता कुळं म्हणून. खरेदीखतातल्या अटी आणि खरेदीनंतरचं वागणं यात केवढं अंतर पडतं, ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. तेव्हा फारसं आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं.

संध्याकाळी गावातल्या स्वेती व्लाहोच्या चर्चमध्ये गेलो. इमारत एकोणिसाव्या शतकातली, विशेष नाही. व्लाहो म्हणजे संत ब्लेझ, दुब्रोवनिकचा राखणदार. त्याच्या मूर्तीच्या हातात नेहमी दुब्रोवनिक शहराची प्रतिकृती असते. म्हणजे सकाळी देऊळ धरलेला राजा, संध्याकाळी शहर धरलेला संत. घरमालकिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्याकडेही व्लाहो आहे की! ओल्ड गोव्याजवळ गवंडाळीत साव ब्राझचं चर्च आहे, ते सोळाव्या शतकात दुब्रोवनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं इकडे मानतात. मसाल्याच्या व्यापारासाठी ते पोर्तुगिजांबरोबर गोव्याला पोचले होते म्हणे. मी गोव्याला दहा वेळा तरी गेले असेन. तिथून अर्ध्या तासावरच्या जागेबद्दल मला स्तोनच्या स्वयंपाकघरात कळावं, याची थोडी लाजच वाटली.

दिवस चौथा

तट चढायचा तर सकाळी लवकर, असं सगळ्यांनी बजावलं होतं. नवीन बूट मिळाले नाहीत, लेकीचे जुने घातले, ते अर्धा नंबर लहान.

मुळात हा तट सात किलोमीटरचा, आज साडेपाच शिल्लक आहे. चाळीस बुरूज, पाच किल्ले. 1333 चा व्यवहार झाल्याबरोबर काम सुरू केलं आणि पुढे दोनेक शतकं वाढवत, डागडुजी करत राहिले. फ्लॉरेन्सचा वास्तुविशारद मिकेलोत्सो दुब्रोवनिकच्या नोकरीत होता, त्याचाही हात या तटाला लागला आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन अमलात तटाचे दगड काढून इतर बांधकामांना वापरले. आपल्या किल्ल्यांचे चिरे गावातल्या घरांत सापडतात, तसंच.

पायऱ्या उंच आणि अरुंद. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी नुसतं आकाश. मी अर्ध्या वाटेत तीनदा बसले. बसल्यावर लक्षात आलं, की हा तट समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी नाहीच. तो जमिनीकडे तोंड करून आहे. दुब्रोवनिकला भीती होती ती मागच्या डोंगरांतून उतरणाऱ्यांची, ज्यांना हे मीठ विकायचं त्यांचीच. गिऱ्हाइकापासून दुकान वाचवायला एवढी भिंत.

माथ्यावरून दोन समुद्र दिसतात. दक्षिणेला स्तोनची खाडी, उत्तरेला माली स्तोनची. इतक्या चिंचोळ्या जागेत दोन्हीकडे पाणी, आणि दोन्हीकडचं पाणी वेगळ्या रंगाचं. मी ते बघत उभी राहिले तोवर दोन तरुण पोरं पळत पळत शेजारून गेली, खाली उतरली, पुन्हा वर आली.

उतरून माली स्तोन. स्तोनचं धाकटं भावंड, दीडेकशे वस्तीचं. वर 1347 चा कोरुना किल्ला, खाली धक्का आणि धक्क्यावर मिठाचं जुनं कोठार. मिठागर दक्षिणेच्या खाडीत, पण गिऱ्हाईक उत्तरेला, नेरेत्वाच्या तोंडाशी. म्हणून मीठ चिंचोळी जमीन ओलांडून इकडे आणायचं, कोठारात ठेवायचं आणि बोटीत भरायचं. दोन गावं, मधे तट, म्हणजे एकच लांबलचक मिठाचं दुकान. या टोकाला माल, त्या टोकाला गल्ला.

इथली कालवं प्रसिद्ध. खाडीत समुद्राच्या खाऱ्या पाण्याला नेरेत्वाचं आणि तळातल्या झऱ्यांचं गोडं पाणी मिळतं, त्यात ती पोसतात. दोरांना चिकटवून, पाण्यात सोडून वाढवतात. ताटात बर्फावर सहा आली, पसरट शिंपल्यातली, कच्ची, बाजूला लिंबू. मी जन्मापासून कालवं खाते, पण खडकावरून फोडलेली, वाटण लावून कांद्यावर परतलेली. कच्चं कालव म्हणजे माझ्या आईच्या भाषेत अडाणीपणा. लिंबू पिळलं, डोळे मिटले. गार, खारट, मग शेवटी किंचित गोडसर. सहाच्या सहा मीच संपवली. लेक उकडलेला बटाटा खात माझ्याकडे बघत होती.

रात्री घरमालकिणीनं तिच्या हातची स्तोनची खास मिठाई दिली. पिठाच्या पारीत अक्रोड, चॉकलेट, आणि त्यात चक्क मॅकरोनी! गोड मॅकरोनी. आपल्याकडे शेवयांची खीर आहे, तेव्हा हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. चांगली लागली, पण दुसरा तुकडा मी मागितला नाही.

गप्पांत पुन्हा मिठाच्या पैशांवर आलो. मला कधीपासून एक प्रश्न होता. दुशानला दरसाल द्यायचे ते 500 पर्पेर, त्यांचं पुढे काय झालं? कारण दुशान 1355 मध्ये गेला आणि त्याचं साम्राज्य त्याच्यामागे फार टिकलं नाही. खातेदार मेला, वारस भांडले, मग खातं बंद?

खातं चालू राहिलं. 1350 मध्ये दुशाननं हे वार्षिक उत्पन्न जेरुसलेममधल्या अर्खांजेलांच्या, म्हणजे थोरल्या देवदूतांच्या, सर्बियन मठाला लावून दिलं. म्हणजे ॲड्रिएटिकच्या खाडीत पिकलेल्या मिठाचा पैसा दरसाल जेरुसलेमला. पुढच्या शतकात सर्बिया तुर्कांच्या घशात गेला, तेव्हा मारा ब्रांकोविच पुढे आली. ही सर्बियन राजाची मुलगी, सुलतान दुसऱ्या मुरादची विधवा, आणि सुलतान महंमदाच्या दरबारात वजन असलेली बाई. तिच्या खटपटीनं हे उत्पन्न ग्रीसमधल्या ॲथॉस पर्वतावरच्या हिलांदार आणि संत पॉल या मठांकडे वळलं. दाता गेला, राज्य गेलं, घेणारा बदलला, आणि दुब्रोवनिकचे व्यापारी मात्र हप्ता भरत राहिले. गंमत म्हणजे पर्पेर नावाचं नाणं त्या काळात त्यांनी पाडलंच नव्हतं. तेव्हा ते फक्त खातेवहीतलं माप, बारा ग्रोशांचा एक पर्पेर. नसलेल्या नाण्यात, नसलेल्या राज्याचं देणं, शतकानंतरही चुकतं. मी बँकेत असताना एवढे प्रामाणिक कर्जदार पाहिले नाहीत. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते इथं अगदी शब्दशः आहे, अर्थात मीठ खाणारे वेगळे आणि विकणारे वेगळे, हे सोडलं तर. ऑर्थोडॉक्स पुजाऱ्यांबाबतचा शब्द त्यांनी पाळला नाही. पैशाचा पाळला.

घरमालकीण म्हणाली, "पैशाच्या शब्दाची पावती असते." आणि तिनं आम्हाला आमच्या चार रात्रींच्या पर्यटक-कराची पावती दिली.

दिवस पाचवा

पहाटे विजा. मी उठून खिडकीत गेले तर पावसाच्या सरी तिरप्या कौलांवर. सप्टेंबर संपत आलेला, इकडचा पाऊस आता सुरू व्हायचाच. पण परवा त्या माणसानं ओढून ठेवलेलं मीठ कुंडाच्या कडेला राशी करून होतं, ते मी पाहिलं होतं.

सामान गाडीत टाकल्यावर लेकीला म्हटलं, दहा मिनिटं. छत्री घेऊन मिठागरावर गेले. राशींवर ताडपत्र्या टाकल्या होत्या, दगड ठेवून दाबलेल्या. कुंडांत पाणी चढलेलं. तोच माणूस रेनकोट घालून मुंदोच्या बांधावर वाकला होता. त्यानं लाकडी फळी थोडी वर ओढली, वरवरचं गोडं पाणी चरातून वाहायला लागलं. पावसाचं पाणी वर तरंगतं, खालचं जड पाणी तसंच राहतं, वेळेवर सोडलं तर वाचतं थोडंफार. माझे मामा हेच करायचे, अवकाळी आला की, रात्री-अपरात्री, कंदील घेऊन.

त्यानं मला बघितलं. मी हातानं पाऊस पडल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं. तो हसला, फळी आणखी दोन बोटं वर घेतली, आणि पुढच्या कुंडाकडे गेला.